मोरियासूचा जर्मनीविरुद्धचा बदल: आयत्या वेळचा की हिरोशिमाचा?

तिसरा_सेंटरबॅक: 2022 च्या वर्ल्डकपात जर्मनीविरुद्ध 0-1 ने मागे असताना जपानचा प्रशिक्षक हाजिमे मोरियासूने हाफटाइमला तीन सेंटरबॅक (मधले बचावपटू) लावले आणि सामना 2-1 असा फिरवला. हे आयत्या वेळी सुचलं, की त्याच्या आधीच्या क्लबचं, सानफ्रेचे हिरोशिमाचं, जुनं गणित? खेळाडू म्हणून स्वतः तो बचावात्मक मिडफिल्डर होता, त्याचा काही संबंध?

रिबाउंड: मुळं हिरोशिमातच. पण 3-4-2-1 ही मांडणी (आकडे मागून पुढे, तीन बचावपटूंपासून) त्याची निर्मिती नव्हे, ती तिथल्या आधीच्या प्रशिक्षकाकडून, पेत्रोविचकडून, आयती मिळाली. चेंडू आपल्याकडे असला की एक मिडफिल्डर, बहुतेकदा काझुयुकी मोरिसाकी, सेंटरबॅकांच्या रांगेत उतरायचा; विंगबॅक (कडेने वर-खाली धावणारे दोघे) वर सरकले की पुढे पाच जण. चेंडू गेला की तेच विंगबॅक मागे, 5-4-1. मोरियासूने हे मागे येणं घट्ट बसवलं. 2012, 2013, 2015: चार हंगामांत तीनदा जे-लीग, म्हणजे जपानची अव्वल लीग, जिंकली.

डावा_पाय: जर्मनीची मेख त्यांचा डावा बचावपटू राउममध्ये होती. डावीकडून तो इतका वर यायचा की जपानच्या चौघांवर पाच जण चालून यायचे. पेनल्टीही त्यातूनच आली: जपानचा गोलकीपर गोंदाने राउमला पाडलं, गुंदोआनने गोल केला. उपाय सरळ होता, विंगर कुबो बाहेर, सेंटरबॅक तोमियासू आत, पाचाला पाच. खरा जुगार पुढे. 57 व्या मिनिटाला नागातोमोच्या जागी मितोमा, मग साकाईच्या जागी मिनामिनो, आणि उजवा विंगबॅक म्हणून इतो मागे. म्हणजे दोन्ही विंगबॅक मुळात विंगर, कडेचे आक्रमक! मितोमाचा पास, मिनामिनोचा फटका जर्मन गोलकीपर नॉयरने ढकलला, दोआनने आत मारला. 83 व्या मिनिटाला सेंटरबॅक इताकुराची लांब फ्रीकिक असानोने अलगद पायावर घेतली आणि जर्मन बचावपटू श्लॉटरबेकला रेटत जवळच्या पोस्टकडून वर ठोकली.

रिबाउंड: मिडफिल्डर असण्याचा संबंध आहेच, बचावफळीपुढची जागा राखणं हेच त्याचं काम. तेव्हाचा जपानचा प्रशिक्षक हान्स ऊफ्टने 1992 मध्ये त्याला राष्ट्रीय संघात घेतलं ते त्यासाठीच. 35 सामने, 1 गोल. 1993 ला दोहात पात्रता सामन्यात इराकने शॉर्ट कॉर्नरवरून 2-2 केलं तेव्हा तो मैदानावर होता, आणि जपानचा 1994 चा वर्ल्डकप तिथेच हुकला.

डावा_पाय: पण उगाच डोक्यावर घेऊ नका राव. समोरचा संघ मागे बसला की ही युक्ती अडते. कोस्टा रिकाने 1-0 ने हरवलंच ना? क्रोएशियाविरुद्ध पेनल्टी कोण मारणार हे खेळाडूंवर सोडलं, चारपैकी तीन त्यांचा गोलकीपर लिवाकोविचने अडवल्या. 2024 च्या आशियाई कपात इराणने इताकुरावर लांब चेंडूंचा मारा केला, तरी मोरियासूने त्याला शेवटपर्यंत ठेवलं. भरपाई वेळेतल्या पेनल्टीचा फाऊलही इताकुराचाच, जपान 1-2 ने हरला.