‘पेड इन फुल’ या अल्बममध्ये नेमके काय ऐकावे?

प्रश्न (मंद्रसप्तक):
मी आयुष्यभर प्रामुख्याने ख्याल ऐकत आलो आहे. मुलीच्या आग्रहावरून एरिक बी. आणि राकिम या न्यूयॉर्कच्या जोडीचा १९८७ सालचा ‘पेड इन फुल’ हा अल्बम दोनदा ऐकला. रॅपच्या इतिहासात त्याला फार वरचे स्थान दिले जाते, परंतु मला आवाज सपाट वाटला, साथ फारच विरळ वाटली आणि दहापैकी तीन तुकड्यांमध्ये तर रॅप जवळजवळ नाहीच. मुखपृष्ठावरच्या सोनसाखळ्या आणि नोटा पाहून आत केवळ बढाई असेल, असाही ग्रह झाला. माझ्या कानाला काय निसटते आहे, हे कोणी समजावून सांगेल का?

प्रतिसाद (अर्धमात्रा):
आपल्याला सपाट वाटलेला आवाज हाच या अल्बमने घडवलेला बदल आहे. त्याआधीच्या वर्षांत रन-डीएमसीसारखे गट मोठ्याने, जवळजवळ ललकारल्यासारखे म्हणत आणि यमक बहुधा ओळीच्या शेवटी ठोकून बसवत. जोडीतला रॅप करणारा राकिम अल्बम निघाला तेव्हा अवघा १९ वर्षांचा होता. तो सॅक्सोफोन वाजवत असे आणि जाझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन हा त्याचा आदर्श होता. त्याने आवाज चढवला नाही. खालच्या पट्टीत राहून त्याने शब्द कुठे टाकायचा, याचाच विचार केला.

आपण ख्याल ऐकता, म्हणून त्याच भाषेत सांगतो. चार ठोक्यांचे एक आवर्तन धरा. इतरांचे वाक्य समेवर येऊन थांबते, तर राकिमचे वाक्य सम ओलांडून पुढच्या आवर्तनात शिरते आणि मध्येच, आपण सावध नसताना, पूर्ण होते. ‘आय नो यू गॉट सोल’च्या आरंभी तो बरेच दिवस दूर राहिल्याबद्दल श्रोत्यांची क्षमा मागतो. तिथे पहिल्या ओळीच्या मध्यावर ‘लाँग टाइम’ येते आणि दुसऱ्या ओळीच्या पोटात ‘स्ट्राँग ऱ्हाइम’. शेवटचे यमक जुळते ते आणखी वेगळे. शब्दाला शब्द न जुळवता शब्दांच्या जोडीला जोडी जुळवण्याची ही रीत पुढच्या रॅपरांनी इतकी आत्मसात केली, की आज ती सर्वसाधारण वाटते. मराठी कानाला ती मुळीच परकी वाटू नये. आपल्या मोठ्या अभंगात दुसरा आणि तिसरा चरण जुळतो आणि चौथा, आखूड चरण यमकाविना मोकळा सुटतो. म्हणजे यमक ओळीच्या आत असू शकते, हे आपण लहानपणापासून ऐकतच आलो आहोत.

प्रतिसाद (तबकडी):
वरील विवेचनाशी मी सहमत आहे. मात्र साथीविषयीही बोलले पाहिजे. ती विरळ आहे, कारण ती जुन्या तबकड्यांमधून वेचलेल्या मोजक्या तुकड्यांवर उभी आहे. ‘आय नो यू गॉट सोल’चा पाया बॉबी बर्ड यांचे त्याच नावाचे १९७१चे गाणे आहे. शीर्षकगीतातले ड्रम ‘सोल सर्चर्स’ या गटाच्या एका रचनेतले आहेत आणि बेसची चाल डेनिस एडवर्ड्स यांच्या १९८४च्या गाण्यातली. दोन वेगळ्या दशकांतले हे तुकडे एकमेकांसाठीच वाजवले असावेत, असे वाटते, आणि ही निवड मला कोणत्याही नव्या चालीइतकीच सर्जनशील वाटते.

ज्या तीन तुकड्यांनी आपला विरस केला, ते डीजेचे, म्हणजे तबकड्या फिरवणाऱ्या एरिक बी.चे आहेत. १९७३च्या सुमारास ब्रॉन्क्समध्ये ही कला सुरू झाली, तेव्हा केंद्रस्थानी तबकड्या फिरवणाराच होता आणि बोलणारा त्याच्या साथीला असे. जोडीच्या नावात एरिक बी. आधी येतो, त्यातही तो जुना मान दिसतो. तरीही त्या तिघांपैकी ‘एक्स्टेंडेड बीट’ मला लांबलेला वाटतो, हे कबूल करतो.

बढाई आहेच, पण शीर्षकगीत तेवढ्यावर थांबत नाही. त्यात एकच कडवे आहे. माणूस खिसा चाचपतो आणि हाताला काहीच लागत नाही. पूर्वी तो लोकांना लुटत असे, आणि तो विचार पुन्हा मनात डोकावतो. परंतु आता कमवायला शिकलो आहे, एखादी नोकरी शोधावी, असे तो स्वतःला समजावतो. आवडीचा मासा ताटात हवा आहे, पण पैशाविना ती इच्छाच राहते. मुखपृष्ठावरच्या नोटा या रिकाम्या खिशासोबत पाहाव्यात. हे गाणे मूळ अल्बममधलेच ऐकावे. कोल्डकट या ब्रिटिश जोडीने नव्याने जुळवलेली दीर्घ आवृत्ती, जिच्यात इस्रायली गायिका ऑफ्रा हाझा यांचा स्वर आहे, ती सुंदर असली तरी निराळी आहे.

प्रश्नकर्ता (मंद्रसप्तक):
दोघांचेही मनापासून आभार. आज शीर्षकगीत हाताने ताल धरून ऐकले. पहिल्या खेपेला मी प्रत्येक समेवर वाक्य संपण्याची वाट पाहत होतो, म्हणून मला ते सपाट वाटले. तिसऱ्या खेपेला ताल हातावर सोडला आणि कान फक्त शब्दांकडे दिला, तेव्हा मासा आणि इच्छा (‘फिश’ आणि ‘विश’) यांचे यमक कुठे पडते, ते ऐकू आले. याच अल्बममधले ‘माय मेलडी’ मुलीसोबत बसून ऐकणार आहे.