'पुल आउट ऑल द स्टॉप्स'ला मराठीत काय म्हणाल?

मंडळी, एका इंग्रजी लेखाचं भाषांतर करतेय आणि एका वाक्यापाशी घोडं अडलंय. निरोप समारंभाचं वर्णन आहे आणि यजमानांनी 'पुल्ड आउट ऑल द स्टॉप्स' असं म्हटलंय. शब्दकोश 'प्रयत्नांची पराकाष्ठा करणे' म्हणतो. चूक नाही, पण तसं लिहिलं की समारंभ कमी आणि मोहीम जास्त वाटते.

उगम माहीत आहे. हे 'स्टॉप' म्हणजे पाइप ऑर्गनच्या, म्हणजे चर्चमधल्या त्या नळ्यांच्या भल्यामोठ्या वाद्याच्या, खुंट्या. एक खुंटी बाहेर ओढली की नळ्यांच्या एका संचाला हवा मिळू लागते. संचांची नावं नळीच्या लांबीवरून: 8 फुटी संच दाबलेल्या पट्टीचा मूळ सूर देतो, 16 फुटी खालच्या सप्तकातला, 4 फुटी वरच्या. सगळ्या खुंट्या ओढल्या की एका बोटानेही सभागृह दणाणतं. पेटी वाजवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, तिचे स्टॉपरही ओढल्यावरच सूर मोकळे होतात. इंग्रज कवी-समीक्षक मॅथ्यू अर्नोल्डने 1865 मध्ये आधुनिक इंग्रज माणसालाच ऑर्गन म्हटलं आणि त्याच्या आणखी काही खुंट्या ओढू पाहिल्याचं लिहिलं. म्हणजे लाक्षणिक वापर निदान तेवढा जुना.

मला अडतंय ते इथे. ऑर्गनवर बोट जोरात दाबून आवाज वाढत नाही. राखून ठेवलेलं काही उरलं नाही, म्हणून तो वाढतो. 'जिवाचं रान करणे'त कष्ट आहेत, 'आटापिटा'त केविलवाणेपणा, 'कंबर कसणे' तर कामाआधीचं. 'हात आखडता न घेणे' जवळचं, पण लगेच खर्चाकडे झुकतं.

मात्र 'मुदतीत काम संपवायला सगळे स्टॉप्स ओढले' अशीही वाक्यं इंग्रजीत सर्रास दिसतात आणि तिथे घाम आहेच. मग माझा तर्क टिकतो का? की संदर्भ बघून दर वेळी वेगळा वाक्प्रचार घ्यावा? शिवाय औपचारिक पत्रात हा प्रयोग कानाला खटकतो का, हेही इंग्रजीत रोज लिहिणाऱ्यांनी सांगा. (नुसतं 'पुल आउट' म्हणजे माघार घेणं, त्यामुळे शेपूट तोडता येत नाही, एवढं ठाऊक आहे.)

तूर्त 'यजमानांनी कशातच कसर ठेवली नाही' असं लिहिलंय. याहून बरं सुचलं तर हवंय. फक्त 'सगळे सूर लावले' छापाचं नको, ते फारच ओढूनताणून होतं.