विषय: नागपूरला बाबांसाठी रेकॉर्ड प्लेयर, इथून न्यावा का?

अनघा:
नमस्कार मंडळी, डिसेंबरात नागपूरला चाललेय. लक्ष्मीनगरच्या घरी बाबांच्या रेकॉर्डांनी एक अख्खं कपाट भरलंय आणि जुना प्लेयर केव्हाच राम म्हणालाय. इथे अमेरिकेत गराज सेलमध्ये सत्तरच्या दशकातला एक लाकडी टर्नटेबल अगदी स्वस्तात मिळतोय, दिसायला झकास. तो नेऊ आणि तिकडे ट्रान्सफॉर्मर लावू असं नवरोबांचं म्हणणं. बजेट सगळं मिळून पाचशे डॉलर. कोणी नेलाय का असा?

मिलिंदकाका:
अनघा, तो घेऊ नको बापा. ट्रान्सफॉर्मर काय करतो, २३० व्होल्टचे १२० करून देतो, पण फ्रिक्वेन्सीला तो हात लावत नाही. इकडे ६० हर्ट्झ, तिकडे ५०. त्या काळातल्या पुष्कळ टर्नटेबलांची मोटर सिंक्रोनस, ती लाइनच्या हर्ट्झप्रमाणेच फिरते, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी २७.८, आणि सूरही तेवढाच उतरतो. तुझे बाबा पेटी वाजवतात ना, त्यांना विचार काळी चारचं गाणं पांढरी चारात कसं वाटेल ते. आपले वसंतराव देशपांडे, नागपुरात शंकरराव सप्रेंकडे शिकलेले, त्यांची तान म्हशीसारखी रेंगाळत चालली तर बाबा तो प्लेयर खिडकीतून फेकतील. काही मॉडेलना ५० हर्ट्झची वेगळी पुली यायची, पण ती आता कुठे शोधत बसशील. नवीन घे, डीसी अडॅप्टरवाला, त्याचा वेग लाइनच्या हर्ट्झवर नसतो, आणि अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ छापलंय का ते आधी पाय.

आता दोन गोष्टी सांग, त्याशिवाय मॉडेल सांगण्यात अर्थ नाही. एक, रेकॉर्ड नुसत्या एलपी, म्हणजे ३३ च्या वेगाच्या, आहेत की जुन्या ७८ च्या वेगाच्या पण? दोन, घरी स्पीकर चालवणारा अँप्लिफायर असेल त्या अँपला मागे फोनो लिहिलेलं सॉकेट आहे का?

शेखर:
काहून एवढा घोळ घालून राहिले काका, ते सूटकेसवाले प्लेयर मिळतात ना, स्पीकर आतच, झाकण उघडलं की चालू. उरलेल्या पैशात नागपूरला तर्री पोहे खा.

मिलिंदकाका:
शेखर, पोह्यांना माझी ना नाही. पण त्या बहुतेक सूटकेसमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) असतं, सुईचं वजन पाच-सहा ग्रॅमपर्यंत जातं, कमी करायची सोय नाही. चांगलं कार्ट्रिज दोन ग्रॅमवर चालतं. त्यात स्पीकर त्याच डब्यात, आवाज वाढवला की सुईच थरथरते. पोराटोरांना नवीन रेकॉर्ड लावून पाहायला ठीक, पन्नास वर्षं जपलेल्या एलपीवर मी ती सुई टेकू देणार नाही.

अनघा:
आईला व्हिडिओ कॉलवर अँपच्या मागे टॉर्च धरायला लावला, तिने आधी पाच मिनिटं धूळच झाडली. बर्डीतल्या एका मेकॅनिकने जोडून दिलेला अँप आहे, मागे ट्यूनर, टेप, ऑक्स एवढंच, फोनो नाही. पुढे स्टीरिओ-मोनोचं बटण आहे. स्पीकर चालतात. आणि हो, ७८ वाल्या भरपूर, आजोबांच्या नाट्यसंगीताच्या.

मिलिंदकाका:
मग प्रश्नच मिटला. स्वस्तातले बरेचसे प्लेयर फक्त ३३ आणि ४५, त्यामुळे ऑडिओ-टेक्निकाचा एलपी६०एक्स बाद, त्यात कार्ट्रिजही बदलता येत नाही. त्यांचाच एलपी१२०एक्स घे. ७८ स्पीड आहे, डायरेक्ट ड्राइव्ह म्हणजे मोटरच थेट तबकडी फिरवते, बेल्ट सैल पडायची भानगड नाही, आणि फोनो प्रीअँप आतच. ते का लागतं तर कार्ट्रिजमधून निघतात जेमतेम चार मिलिव्होल्ट, ऑक्सला शेकड्यांत लागतात, शिवाय रेकॉर्ड कापताना बेस कमी आणि ट्रेबल वाढवून ठेवलेला असतो तो परत सरळ करावा लागतो. प्लेयरचं मागचं बटण लाइनवर ठेवून तो तुझ्या अँपच्या ऑक्समध्ये लाव.

उरलेले पैसे सुईवर. त्यावर व्हीएम९५ई कार्ट्रिज येतं, ते एलपीला उत्तम. ७८ ची खाच खूप रुंद, एलपीची सुई तिच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. त्यासाठी त्याच बॉडीवर बसणारी व्हीएमएन९५एसपी सुई मिळते, ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), हाताने ओढून बदलता येते. मात्र तिला वजन बरंच जास्त लागतं, प्रत्येक वेळी सुईच्या दांड्यामागचं वजन, म्हणजे काउंटरवेट, फिरवायचं, बाबांना दोन्ही आकडे कागदावर लिहून दे. आणि ७८ लावताना ते मोनोचं बटण दाबायचं, खरखर बऱ्यापैकी मरते. स्पीकरला आत्ता हात लावू नको.

ठेवायचं कुठे ते पण सांगतो. कूलरच्या खिडकीजवळ अजिबात नाही, त्याची घरघर फरशीतून, टेबलातून सुईपर्यंत पोचते आणि ओल्या हवेने कव्हरवर बुरशी येते ती वेगळीच. भिंतीत पक्की फळी ठोकून घ्या. मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हात पश्चिमेच्या भिंतीला एलपीची आडवी चळत असली तर तिचे पापड होतात, उभ्या ठेवायच्या.

अनघा:
ऑर्डर केला काका! बाबा म्हणतायत ७८ वाल्या स्पिरिटने पुसून ठेवतो तोवर.

मिलिंदकाका:
अगं थांबव त्यांना!! त्या लाखेच्या असतात, स्पिरिटने लाख विरघळते. कोरडा मऊ ब्रश, बस. आणि सामानात देताना प्लॅटर म्हणजे फिरती तबकडी आणि काउंटरवेट काढून वेगळं गुंडाळ, टोनआर्म म्हणजे सुईचा दांडा बांधून टाक, दोन्ही सुया हातातल्या बॅगेत.