मदत हवी आहे: रिसेप्शनचा हॉल गोडाऊनसारखा दिसतोय, लाइटिंगने काही होईल का?

घाईत_सई
नणंदेचं रिसेप्शन आहे. हॉल प्रचंड मोठा, वर पत्रा, भिंती पोपटी. एवढ्या हॉलला फुलं परवडत नाहीत म्हणून लाइटिंगवर भागवायचंय. लाइटवाला म्हणतो बारा एलईडी पार (रंगीत उजेड टाकणारे दिवे) लावतो, झकास दिसेल. दिसेल का? उद्या ॲडव्हान्स द्यायचाय, लवकर सांगा.

मंडपवाला_नाना
प्रचंड म्हणजे किती? लांबी, रुंदी, पत्र्याची उंची?

घाईत_सई
120 बाय 70 फूट. उंची दोन मजले असेल. पाहुणे आठशे.

मंडपवाला_नाना
मग कडेकडेने 380 फूट भिंत झाली. बारा पार म्हणजे 32 फुटांना एक. मधे नुसते अंधाराचे पट्टे. खालून भिंतीवर उजेड मारायचा तर 8-10 फुटांना एक लागतो, म्हणजे चाळीसेक. तेवढं बजेट नसेल तर अख्खा हॉल उजळायचा नादच सोडा. बारा पार स्टेजमागच्या भिंतीला आणि प्रवेशाला वापरा. आणि पोपटी भिंतीवर लाल टाकलात तर चिखलाचा रंग येईल, आधी पांढरं कापड लावून घ्या.

शार्पी_भक्त
पारचा जमाना गेला नाना. चार शार्पी (फिरत्या प्रखर झोताचे दिवे) आणि एक स्मोक मशीन, एंट्रीला पब्लिक उभं राहतं! आमच्या चुलतभावाच्या लग्नात पाहिलंय.

मंडपवाला_नाना
पब्लिक उभं राहतं, आणि पुढच्या रांगेतल्या आजीबाई डोळ्यांवर पदर घेतात. रिसेप्शन आहे, गणपतीची मिरवणूक नाही.

कॅमेरा_आणि_मी
दोघंही फोटोंचं बोलत नाही आहात. ट्यूब चालू ठेवून पिवळे पार लावले की चेहरा अर्धा निळसर, अर्धा पिवळा. स्टेजजवळच्या ट्यूब वेगळ्या बटणावर आहेत का, ते बघा. चेहऱ्यावर वॉर्म व्हाइटच (किंचित पिवळसर पांढरा) हवा. लाल-हिरवा-निळा मिसळून केलेल्या पांढऱ्यात कातडी आजारी दिसते. शालू हिरवा असेल तर जांभळा लाइट अजिबात नको, शालू काळा पडतो.

शार्पी_भक्त
तुम्हा फोटोवाल्यांना दिवसाढवळ्याच लग्नं हवीत.

अन्नपूर्णा_६२
बुफेवर निळा उजेड टाकू देऊ नका ग बाई. मसालेभात राखाडी दिसतो, कोणी हात लावत नाही. मेनू काय ठरलाय? मठ्ठा आहे ना?

ड्रोनवाला_पुणे
प्री-वेडिंग शूट हवं असल्यास व्यनि (खाजगी मेसेज) करा.

टिचकी
तारीख, वेळ, गाव?

घाईत_सई
सांगली, मे महिना, संध्याकाळी 6 ते 9. वेळेचा काय संबंध?

टिचकी
मेमध्ये तिकडे सूर्य सातच्या सुमाराला मावळतो. सव्वासात-साडेसातपर्यंत उजेड असतोच. हॉलला खिडक्या किती?

घाईत_सई
लॉनकडची एक बाजू पूर्ण उघडीच आहे.

मंडपवाला_नाना
हे आत्ता सांगताय! मग पहिला तास-सव्वातास बारा काय, चाळीस पारही दिसायचे नाहीत. एंट्री साडेसातनंतर ठेवा, नाहीतर ती बाजू जाड पडद्यांनी बंद करा.

घाईत_सई
मुहूर्त नाही, पण व्याही सहालाच येणार. पडदे लावले तर वर पत्रा, उकडून मरू. कूलर आहेत म्हणा.

टिचकी
कूलर कुठल्या लाइनवर? एक पार साधारण 150 वॅट धरला तर बाराचे 1800, तेवढं एका फेजवर चालेल. त्याच लाइनला कूलर आणि साउंड आले तर ट्रिप होणार. जनरेटर किती केव्हीएचा?

घाईत_सई
कार्यालयाचाच आहे बहुतेक. सासऱ्यांना विचारून सांगते. नाना, स्टेजमागे कापड लावायचं ते सॅटिन की साधं? लाइटवाल्याचा फोन येतोय.

मंडपवाला_नाना
साधं. सॅटिनवर उजेड चकाकतो. आणि ॲडव्हान्स लगेच देऊ नका, आधी त्याला संध्याकाळी सहाला हॉलवर बोलवा.

शार्पी_भक्त
एक तरी शार्पी घ्या.