टीव्ही लायसन्सचा थकलेला दंड : आधी कोर्टाला उत्तर, तत्त्वाचं मग बघू

हाउन्स्लोकर

इंग्लंडात थेट टीव्ही बघायला घरटी लायसन्स काढावं लागतं आणि त्या पैशावर बीबीसी चालते. नव्यानं आलेल्या आपल्या मंडळींकडून एकच सल्ला फिरताना ऐकतो : "टीव्ही लायसन्सची पत्रं सरळ कचऱ्यात टाका, काही होत नाही." या सल्ल्यापायी माणसं अडचणीत येतात, म्हणून हा धागा काढतोय.

ओळखीतलं एक जोडपं आहे. घर बदललं, कोर्टाची नोटीस जुन्या पत्त्यावर गेली. सुनावणी झाली, दंड लागला, भरायची मुदत टळली आणि आता बेलिफचं, म्हणजे थकबाकी वसूल करणाऱ्या माणसाचं, पत्र हातात आलंय. नवरा म्हणतो, "आम्ही बीबीसी बघतच नाही, एक पेनी देणार नाही." खटला मात्र बायकोच्या नावावर, कारण लायसन्सच्या चौकशीला माणूस आला तेव्हा दार तिनं उघडलं होतं.

माझं मत स्पष्ट आहे. लायसन्स न काढणं हा फौजदारी गुन्हा असू नये. पण दंड एकदा लागला की तो बीबीसीचा राहत नाही, कोर्टाचा होतो. त्याच्याकडे पाठ फिरवून बीबीसीला काही फरक पडत नाही, त्रास फक्त त्या घराला होतो. आधी कोर्टाला उत्तर द्या. कायदा बदलायची मागणी नंतरही करता येते, आणि करायलाच हवी.

ठाणेकर इन लीड्स

मला हे पटत नाही. "आधी भरा, मग बोला" म्हणत सगळे भरत राहिले तर कायदा बदलणार कधी?

या खटल्यांत न्याय होतो कसा ते बघा. 2015 पासून सिंगल जस्टिस प्रोसिजर आहे. एक मॅजिस्ट्रेट, मदतीला एक कायदा सल्लागार, समोर कागद. ना आरोपी हजर, ना वकील, ना पत्रकार. टपालानं नोटीस येते, 21 दिवसांत उत्तर द्यायचं. नाही दिलं तरी निकाल लागतो. लोकांनी पाठवलेली आजारपणाची, घरातल्या मृत्यूची पत्रं खटला भरणाऱ्याच्या नजरेलाही पडत नव्हती. लंडनच्या इव्हनिंग स्टँडर्ड या वृत्तपत्राचे पत्रकार ट्रिस्टन कर्क यांनी हे चिकाटीनं उघडकीला आणलं. 2024 मध्ये खुद्द मॅजिस्ट्रेटांच्या संघटनेनं सुधारणा मागितल्या. त्याच वर्षी रेल्वे कंपन्यांनी याच पद्धतीनं चालवलेले 74,000 हून अधिक खटले मुख्य मॅजिस्ट्रेटनी रद्दबातल ठरवले, कारण त्या गुन्ह्यांसाठी ही पद्धत वापरायचा अधिकारच कंपन्यांना नव्हता. अशा व्यवस्थेचा दंड मुकाट भरायचा?

लेस्टरची मावशी

रेल्वेचं उदाहरण इथे लागू होत नाही. तिथे पद्धत वापरायचा अधिकारच नव्हता. टीव्ही लायसन्सला तो कायद्यानं आहे. ते 74,000 सुटले म्हणून हा दंडही सुटेल या आशेवर कुणाला बसवू नका.

मी सत्तरच्या दशकापासून इथे आहे आणि लायसन्स आनंदानं भरते. 2025 च्या एप्रिलमध्ये ते वर्षाला 174.50 पौंड झालं. या पैशातून जाहिरातींविना बातम्या मिळतात, मुलांचे कार्यक्रम मिळतात, एशियन नेटवर्क हे बीबीसीचं रेडिओ केंद्र मिळतं. परवडत नसेल तर हप्ते आहेत. 75 च्या पुढचे पेन्शन क्रेडिटवाले (कमी मिळकतीच्या वृद्धांचा सरकारी भत्ता घेणारे) असतील तर फुकट, अंधांना निम्म्यात. "आम्ही बघत नाही" म्हणणाऱ्यांनी घरात काय चालू असतं ते आधी नीट तपासावं. नियम फक्त बीबीसीपुरता नाही. कुठल्याही वाहिनीचं थेट प्रक्षेपण कुठल्याही यंत्रावर बघितलं की लायसन्स लागतं. इंटरनेटवर भारतातली मराठी वाहिनी थेट लावली तरीही. 2016 च्या सप्टेंबरपासून आयप्लेयरवर, म्हणजे बीबीसीच्या ऑनलाइन सेवेवर, जुना कार्यक्रम बघायलाही लागतं. नेटफ्लिक्सवरचे सिनेमे किंवा यूट्यूबवरचे साधे व्हिडिओ बघायला नाही लागत. आपल्या घरांतून संध्याकाळी मालिका आणि क्रिकेट थेट चालतं आणि वर "आम्ही बीबीसी बघत नाही" म्हणतात, हे मी कितीदा ऐकलंय.

आणि फौजदारी कशाला, याचं उत्तर सरकारसाठी वकील डेव्हिड पेरी यांनी केलेल्या 2015 च्या अहवालात आहे. सगळं तपासून त्यांनी तूर्त आहे तेच ठेवा म्हटलं. 2021 मध्ये सरकारनंही बदल पुढे ढकलला. हे साधं दिवाणी देणं केलं तर गरिबाच्या दारात बेलिफ जास्त येतील, ही भीती त्यामागे होती.

कायद्याची वही

सल्ला केंद्रात स्वयंसेवक म्हणून बसते, त्यामुळे वादात पडण्याआधी प्रक्रिया लिहिते. हाउन्स्लोकर, तुमच्या ओळखीच्या बाईंसाठी यातला पहिला मुद्दा सगळ्यात मोलाचा आहे.

खटल्याची कल्पनाच नव्हती, हे खरं असेल तर स्टॅच्युटरी डिक्लरेशन करता येतं. म्हणजे शपथपूर्वक सांगायचं की कारवाई सुरू झाल्याचं मला माहीत नव्हतं. कळल्यापासून 21 दिवसांत हे व्हायला हवं. उशीर झाला असेल तर त्याचं सबळ कारण मॅजिस्ट्रेटना पटावं लागतं. ते स्वीकारलं गेलं की शिक्षा रद्द, दंड रद्द, वसुली थांबते आणि खटला पहिल्यापासून सुरू होतो. पण एकही नोटीस वाचली असेल तर असली शपथ घेऊ नका. खोटी शपथ हा स्वतंत्र आणि खूप गंभीर गुन्हा आहे.

नोटीस मिळाली होती, पण भरायचं राहून गेलं, असं असेल तर दंडाच्या पत्रावरच्या नंबरावर फोन करून हप्ते मागा. मिळकत किती, भाडं किती, मुलं किती हे कागदानिशी सांगा. दंड मिळकतीवर ठरतो. मिळकतीचा फॉर्म पाठवलाच नाही तर कोर्ट स्वतःच एक मिळकत गृहीत धरतं आणि कमी पगाराच्या माणसाला ते बहुधा महागात पडतं. फाइन्स ऑफिसरनं (कोर्टाचा दंड वसूल करणारा अधिकारी) पुढच्या कारवाईची नोटीस काढली तर तिच्याविरुद्ध अपील करायला कामाचे 10 दिवस असतात. तेही गेले की पगारातून किंवा सरकारी भत्त्यातून कपात, गाडीच्या चाकाला कुलूप (क्लॅम्प) किंवा बेलिफ. बेलिफच्या फीचे आकडे 2014 च्या नियमांत ठरले : नुसत्या पत्राचे 75 पौंड, दारात आला की आणखी 235. मूळ दंडाएवढी फीच होऊन बसते! क्रेडिट कार्डाच्या थकबाकीसाठी आलेला बेलिफ दार फोडू शकत नाही, कोर्टाच्या फौजदारी दंडासाठी आलेल्याला शेवटचा उपाय म्हणून तो अधिकार आहे. "दार उघडू नका, काही होत नाही" हा सल्ला म्हणून इथे चालत नाही.

आणखी एक : दंड भरला म्हणजे लायसन्स मिळालं असं नाही. ते वेगळं काढावं लागतं.

व्हिसावाला

ठाणेकर, तुम्ही ब्रिटिश नागरिक असाल तर तत्त्वासाठी अडून बसणं तुम्हाला परवडेल. आमच्यासारख्या वर्क व्हिसावर असलेल्यांचं काय? या गुन्ह्याला थेट तुरुंगवास नाही, कमाल दंड 1,000 पौंड, हे खरं. पण दोषी ठरणं ते ठरणंच. नागरिकत्वाच्या अर्जात शिक्षा आणि दंड विचारतात, आणि तिथे लपवणं मूळ गुन्ह्यापेक्षा जड जातं. मुद्दाम दंड न भरणाऱ्याला मॅजिस्ट्रेट अखेर तुरुंगातही पाठवू शकतो. ज्याच्या पासपोर्टवर दोन लहान मुलांचं भविष्य टांगलेलं आहे त्याला "लढ" म्हणू नका.

एडिनबराचा पाहुणा

स्कॉटलंडात प्रोक्युरेटर फिस्कलकडून, म्हणजे सरकारी वकिलाकडून, कारवाई होते आणि असले खटले कोर्टात जवळजवळ जातच नाहीत. लायसन्स तेच, पैसे तेवढेच. मग इंग्लंडमधल्या बाईलाच गुन्हेगार का ठरवायचं? मावशींनी याचं उत्तर द्यावं.

लेस्टरची मावशी

याचं समाधानकारक उत्तर माझ्याजवळ नाही. पण जर्मनीत दर घरामागे महिन्याला 18.36 युरो घेतात, टीव्ही असो वा नसो, आणि तिथेही थकवलं की वसुली होते. फुकट सार्वजनिक प्रसारण कुठेच नसतं. आपल्याकडे रेडिओचं लायसन्स पोस्टात जाऊन भरायचे, तेव्हा आमच्या वडिलांनी ते कधी चुकवलं नाही. भारतानं ऐंशीच्या दशकात ते बंद केलं. नंतर दूरदर्शन जाहिरातींच्या आणि सरकारच्या पैशावर चाललं. बातम्या कुणाच्या कलानं दिल्या गेल्या हे आपण पाहिलेलं आहे.

ठाणेकर इन लीड्स

मावशी, बीबीसीला पैसे नको असं मी म्हटलेलंच नाही. फ्रान्सनं 2022 मध्ये टीव्हीवरचा कर काढला, तिथलं सार्वजनिक प्रसारण सुरूच आहे. पैसे उभे करायचे मार्ग पुष्कळ आहेत. माझा राग एवढ्यासाठीच आहे की या गुन्ह्यात दोषी ठरणाऱ्या दर दहांत सात तरी बायका असतात. लायसन्स घराचं, शिक्षा मात्र दुपारी घरी असणारीला. लहान मुलं सांभाळणारी, इंग्रजी अडखळत बोलणारी, दारातल्या माणसाला आत येऊ नको म्हणता येतं हे माहीत नसलेली. वॉरंट नसेल तर त्याला आत यायचा अधिकारच नसतो! त्यानं लिहिलेल्या जबाबावर ती सही करते आणि तोच तिच्याविरुद्ध पुरावा होतो. हे बघून गप्प बसवत नाही.

हाउन्स्लोकर

इथे आपलं दुमत नाही. बीबीसी ज्या सरकारी सनदेवर चालते ती 2027 च्या अखेरीस संपते, त्याआधी लायसन्सचं काय करायचं ते सरकारला ठरवावंच लागेल. खासदाराला पत्र लिहायची वेळ हीच आहे, मी लिहिलंय. माझं म्हणणं इतकंच की त्या बाईच्या थकलेल्या दंडाला लढाईचं मैदान करू नका. किंमत तिला मोजावी लागते, निर्णय मात्र नवरा आणि आपण इथे बसून घेतोय.

वहीताई, तिनं खरंच एकही नोटीस पाहिलेली नाही. शुक्रवारी बेलिफचं पत्र आलं तेव्हाच तिला कळलं.

कायद्याची वही

मग सोमवारी सकाळीच कोर्टाला फोन करायला सांगा, आणि नवऱ्यानं नव्हे, तिनं स्वतः करायचा. डिक्लरेशनसाठी वेळ मागायची, केस नंबर द्यायचा, घर कधी बदललं त्याचा भाडेकरार जवळ ठेवायचा. डिक्लरेशन कोर्टातच केलं तर पैसे पडत नाहीत. बेलिफ कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवायचं की डिक्लरेशन करत आहोत, वसुली थांबवा. ठाणेकर, तुमचं तत्त्वही यानंतर उपयोगी पडतं. खटला नव्यानं सुरू झाला की घरात थेट काही बघितलंच जात नव्हतं, असं खरोखर असेल तर तिला गुन्हा नाकबूल करता येईल आणि मग खुल्या कोर्टात सुनावणी होईल. बघितलं जात असेल तर लगेच कबूल केल्यास दंड एक-तृतीयांशानं कमी होतो. सही केलेल्या जबाबाची प्रत मात्र आधी मागून घ्या. त्यात काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय काहीच ठरवू नका.

ठाणेकर इन लीड्स

जबाब मराठीत समजावून सांगायला आणि कोर्टात सोबत जायला मी तयार आहे. लीड्सहून येईन. हाउन्स्लोकर, व्यक्तिगत निरोप पाठवतो.