निम्म्यापर्यंत कशाला भागायचं?

एकाने लिहिलंय की ३९१ ही मूळ संख्या (१ आणि स्वतः सोडून कशानेच पूर्ण भाग न जाणारी) आहे का हे ठरवायला १९५ पर्यंत भागत बसायचं. अहो, एवढी उस्तवार कशाला? विभाजक जोडीने येतात. आमच्या रत्नागिरीकडची हापूसची पाच डझनी पेटी घ्या. ६० आंबे: १×६०, २×३०, ३×२०, ४×१५, ५×१२, ६×१०. पुढे त्याच जोड्या उलट्या. जोडीतला धाकटा वर्गमूळाच्या पुढे जाऊच शकत नाही. एक आंबा वाढवून ६१ करा, सगळे एका रांगेत लावल्याशिवाय सारख्या रांगा जमणारच नाहीत, कारण ६१ मूळ.

आता ३९१. २०×२० म्हणजे ४००, तेव्हा १९ पर्यंतच्या मूळ संख्या बस्स. २ आणि ५ शेवटचा अंक बघूनच बाद. अंकांची बेरीज १३, म्हणून ३ गेला. ७ ने ६ उरतात, ११ ने ही ६. १३ ने फक्त १ उरतो, आणि इथेच पोरं कंटाळून ‘मूळ’ लिहून मोकळी होतात! अजून एक पाऊल टाका की राव: १७×२३ = ३९१.

९ किंवा १५ ने वेगळं भागू नका, ३ ने गेलं नाही तर त्यांनीही जात नाही. (पाढे मात्र ३० पर्यंत हवेतच, मोबाईल असला तरी.)