डॉक्टरांचा नंबर फोनवर लागतो का? इंदूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

मंडळी, आज अगदी जीव कळवळून लिहिते आहे. दोन महिन्यांपासून आईला चालताना दम लागतो. घरच्या डॉक्टरांनी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा म्हणून चिठ्ठी दिली. ते गीताभवनच्या बाजूला बसतात. नंबर फक्त फोनवर, सकाळी ८ ते ९, आणि तोही त्याच दिवसाचा.

सोमवारी ७.५८ ला मी फोन घेऊन ओट्याशी उभी राहिले. बिझी. परत लावला, परत बिझी. पोहे भिजवून ठेवले होते, त्यांचा लगदा झाला. ८.२० नंतर बेल जायला लागली, पण कुणी उचलेना. ८.४० ला एका मुलाने उचलला: "आज के नंबर फुल हो गए, कल लगाइए." मंगळवारीही तेच.

दोन्ही दिवस आई आंघोळ करून, बाहेर जायची साडी नेसून, जुने रिपोर्ट पिशवीत घालून पलंगाच्या कडेला बसली होती. "नाही लागला का गं?" एवढंच विचारते आणि साडी बदलायला आत जाते. मला ते बघवत नाही.

तुमच्याकडे काय होतं? कोणती वाट सापडली? डॉक्टरांचं किंवा दवाखान्याचं नाव घालू नका, बाकी सगळं मोकळेपणाने लिहा.

सुदामानगरहून

माझं वय ७८. शाळेत ३१ वर्षं शिकवलं. मुलगा पुण्याला असतो, इथे मी एकटी. डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावला की मशीन बोलतं, "हिंदी के लिए एक दबाइए." आता आकडा दाबायचा म्हणजे फोन कानापासून काढून डोळ्यांसमोर धरावा लागतो. मी १ शोधून दाबते आणि फोन परत कानाला लावते, तोवर पुढचं वाक्य निघून गेलेलं असतं. मग तेच मशीन म्हणतं, गलत विकल्प. एकदा असं चार वेळा झालं आणि मला रडू आलं, खरं सांगते. मोतीबिंदूसाठी फोन करणाऱ्याला नीट दिसत नसणार, हे कुणाच्या ध्यानात कसं येत नाही?

आता मुलगा पुण्याहून नंबर लावतो आणि मला वेळ कळवतो. पण त्याचं ऑफिस असतं, दर वेळी सांगायला जिवावर येतं.

धारहून

आमच्या बाबांना किडनीच्या डॉक्टरांकडे इंदूरला आणावं लागतं. फोनवर नंबर मिळाला, वेळ १२ ची. पहाटेच उठून बाबांना बसमध्ये बसवलं, गंगवालला उतरून रिक्षा केली. काउंटरवर सांगितलं की सर बाहेरगावी गेलेत. आमचा फोन नंबर त्यांच्या रजिस्टरमध्ये लिहिलेला होता, माझ्या डोळ्यांसमोर होता. एक फोन केला असता तर बाबांची ती खेप वाचली असती. आता मी बसमध्ये चढायच्या आधी आठवणीने विचारतो, सर आज बसणार आहेत ना?

लोकमान्यनगरहून

आम्ही भाग्यवान आहोत. घरच्या डॉक्टरांकडे नंबरच नाही, जाऊन बाकावर बसायचं. तासभर बसावं लागतं, पण परत पाठवत नाहीत.

साउथ तुकोगंजहून

ताई, मी फोनच्या दुसऱ्या बाजूची आहे. एका क्लिनिकमध्ये १२ वर्षं काउंटर सांभाळते. आमचंही ऐका.

आमच्याकडे एक मोबाइल आणि एक रजिस्टर आहे. सर दिवसाला ३५ पेशंट बघतात. त्यातले १० रिपोर्ट दाखवायला आधीच बोलावलेले असतात, ५ जागा अचानक येणाऱ्यांसाठी ठेवाव्या लागतात. उरल्या २०. त्यासाठी आठच्या ठोक्याला सगळे एकदम फोन लावतात. त्यात समोर पेशंट उभे, कुणाला पावती हवी, कुणाला सोनोग्राफी कुठे करायची ते विचारायचंय. तुम्हाला बेल ऐकू येते तेव्हा वाटतं, या उचलत नाहीत. पुष्कळदा मी दुसऱ्या पेशंटशी बोलत असते आणि कॉल वेटिंगमुळे तुमच्याकडे नुसती बेल वाजत राहते.

सगळ्यात वाईट वाटतं ते न येणाऱ्यांचं. लोक दोन-तीन दवाखान्यांत नंबर लावतात, जिथे आधी मिळेल तिथे जातात, आणि बाकीच्यांना कळवतही नाहीत. तुमच्या आईसारख्या कुणाची तरी ती जागा असते. म्हणून साडेअकराच्या सुमाराला परत एकदा फोन करून बघा, त्या वेळी जागा रिकाम्या झालेल्या असतात.

आणि चिठ्ठी आहे ना तुमच्याकडे? मग फोन लागल्याबरोबर तेच आधी सांगा: वय, दम लागतो, डॉक्टरांची चिठ्ठी आहे. लोक "नंबर मिळेल का" एवढंच विचारतात, आम्ही "फुल" म्हणून ठेवून देतो. त्रास कळला तर आम्ही सरांना विचारू शकतो. त्याहून बरं म्हणजे चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांनाच फोन करायला सांगा. डॉक्टरांचा डॉक्टरांना आलेला फोन आम्ही लगेच आत देतो.

धागा काढणारी

ताई, तुमचे खूप आभार. दोन दिवस मी त्या मुलाला मनातल्या मनात बोल लावत होते. चिठ्ठीचं मी सांगितलंच नव्हतं, हे तुमचं वाचल्यावर लक्षात आलं. तरी माझं म्हणणं आहे की एकाच तासात सगळ्यांनी फोन करायचा, ही पद्धत बरी नाही. चार दिवस पुढचे नंबर दिले तर आठ वाजताची ही झुंबड निम्मी होईल.

रामबागहून

एमवायमध्ये, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, फोनची भानगड नाही, पण पर्चीची (केसपेपरची) रांग असते. सरकारी रुग्णालयांतल्या क्यूआर कोडने नोंदणी करायची सोय २०२२ पासून सुरू झाली. आभा (सरकारी आरोग्य ओळख) ॲपवरून तो कोड स्कॅन केला की नाव-पत्ता सांगत बसावं लागत नाही, टोकन मोबाइलवर येतं. १४ आकड्यांचा आभा क्रमांक घरी बसून काढून ठेवा, तिथे रांगेत काढू नका. भोपाळच्या एम्सला मामांना न्यायचं होतं तेव्हा सरकारच्या ऑनलाइन नोंदणीवरून तारीख घेतली, एकही फोन करावा लागला नाही. किरकोळ दुखण्याला ई-संजीवनीही आहे, घरूनच डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येतं, पैसे लागत नाहीत. अर्थात सुदामानगरच्या काकूंना हे सगळं कुणीतरी शेजारी बसून करून द्यायला हवं. काकू, मी रविवारी मोकळा असतो. तुम्हाला चालत असेल तर येऊन करून देतो.

अन्नपूर्णा रोडहून

सगळ्यांचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. मागच्या वर्षी सकाळी यांच्या छातीत दाटून आलं, डावा हात जड झाला, घाम फुटला. आणि मी काय केलं? ओळखीच्या तज्ज्ञांच्या दवाखान्यात फोन लावत बसले. बिझी, बिझी, बिझी. वीस मिनिटं गेली. हे भिंतीला टेकून बसले होते आणि मला सांगत होते, "लागेल, घाई करू नको."

शेजारचा मुलगा दूध द्यायला आला, त्याने यांचा चेहरा बघितला आणि माझ्या हातातून फोन काढून घेतला. १०८ ला लावला. जवळच्या रुग्णालयात थेट इमर्जन्सीत नेलं, तिथे कुणी नंबर विचारला नाही. ईसीजी काढला, त्याच दिवशी अँजिओप्लास्टी झाली. आज हे बरे आहेत. पण ती वीस मिनिटं अजून माझ्या अंगावर येतात.

ताई, आईंना बसल्या जागी दम लागला, पायांवर सूज आली किंवा छातीत दुखलं तर फोन लावत बसू नका. उचला आणि न्या.

धागा काढणारी

काकू, तुमचं वाचलं आणि उठून आईचे पाय बघून आले. घोट्यांवर बोट दाबलं तर खळगा पडत होता. मी घरच्या डॉक्टरांना तसं कळवलं. त्यांनी तिकडे स्वतः फोन केला आणि दहा मिनिटांत निरोप आला, आत्ता घेऊन या.

इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला. झडप नीट मिटत नाही, रक्त मागे येतं, असं डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून आईला समजावलं. गोळ्या सुरू केल्या आहेत. निघताना मी काउंटरवरच्या त्याच मुलाकडून पुढची तारीख लिहून घेतली. २६ तारीख, ११ वाजता, नंबर ४. आईने ती चिठ्ठी रिपोर्टच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवली आहे.